ताप सांगण्याची किंमत

नीरा-बारामती रस्त्यावरचं कोऱ्हाळे बुद्रुक हे नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेलं ऊसकरी गाव. सोमेश्वर कारखाना जवळच. अशा गावात आजारपण एकट्याचं राहत नाही. दोन्ही वेळचं दूध डेअरीला घालायचं असतं, पाण्याची पाळी चुकवून चालत नाही, मजुराचा खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी बुडाली. त्यामुळे 'मला ताप आहे' हे वाक्य इथे फार महाग पडतं. साथीत लोक कसे वागतात, याचा विचार या महागाईपासून सुरू व्हायला हवा असं मला वाटतं.

मार्च-एप्रिल 2020 मध्ये कोरोनाच्या भीतीने राज्यभर गावोगावच्या वेशी दगड आणि काटेरी फांद्या टाकून बंद झाल्या. बारामतीत भिलवाडा पॅटर्न, म्हणजे कडक सीलबंदी आणि घरोघर तपासणी, राबवला जात होता. गाळप हंगाम संपत आला होता आणि कोप्यांवरचे (झोपड्यांतले) ऊसतोड कामगार अडकून पडले होते. सरकारने एप्रिलमध्ये त्यांना घरी जायची परवानगी दिली. पण कारखान्याच्या गावाला ते परके होते, आणि स्वतःच्या गावालाही आता भीतीचे. तेव्हा बहुतेक खेड्यांत एकही रुग्ण नव्हता. खेड्यांना खरा तडाखा बसला 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत, आणि तोवर भीती ओसरली होती. विषाणू लग्नातून, दहाव्यातून, आपल्याच माणसांच्या अंगाखांद्यावरून आला. परक्याचा संशय घ्यायला आपल्याला वेळ लागत नाही. सख्ख्या भावाच्या खोकल्याला मात्र आपण 'हवा बदललीय' म्हणतो.

लोक अडाणी म्हणून असं झालं, हे मला मान्य नाही. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या पथकांनी सैनिक घेऊन घरं तपासली, तेव्हा लोकांनी रुग्ण लपवले. रुग्ण सापडला की माणूस छावणीत आणि सामान रस्त्यावर, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याच वर्षी, 10 मार्चला, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्यांचा मुलगा डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात रुग्णाला उचलून आणलं जाई, ते बरं करण्यासाठी. तिथे रोग उघड करण्यात रुग्णाचा फायदा होता.

कोरोनात लोकांना रोग उघड करायला राजी करण्याचं काम आशाताईंच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तींच्या, वाट्याला आलं. सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि घरोघर ताप, ऑक्सिजन मोजला जाऊ लागला. ऑक्सिमीटरची ती चिमटी बघा: बोट गार असेल किंवा नखाला गडद रंग असेल तर आकडा चुकतो. म्हणून बोट चोळायचं, थोडं थांबायचं. मग सहा मिनिटं चालायला लावून पुन्हा बघायचं. आकडा 94 च्या खाली गेला, तर धाप लागलेली नसली तरी दवाखाना गाठायचा. धाप नसताना धोका असतो, हे शंभर भाषणांनी पटलं नसतं. ते पटलं ओळखीच्या बाईने अंगणात उभं राहून दाखवलं म्हणून. ती खोटं सांगणार नाही, एवढा विश्वास आधीच्या बाळंतपणांत आणि लसीकरणांत कमावलेला होता.

जून 2021 मध्ये त्याच आशांना मानधनासाठी राज्यभर संप करावा लागला. सरकारने पंधराशे रुपयांची वाढ दिली, त्यातले पाचशे कोविड भत्त्याचे. म्हणजे या विश्वासाची किंमतही कुणी आधी धरली नव्हती. पुढच्या साथीची तयारी म्हणून खाटा आणि ऑक्सिजन प्रकल्प मोजले जातात, तसं हेही मोजायला हवं: तापाने घरी बसणाऱ्या मजुराच्या बुडालेल्या मजुरीची सोय कोण करणार, बाधित घरचं दूध कोण घालणार, त्याच्या वाट्याच्या पाळीला रात्री दारं कोण धरणार. ही नावं साथ यायच्या आधी ग्रामसभेत ठरली, तर माणूस पहिल्याच दिवशी ताप सांगेल.