आधीं पक्ष कीं आधीं प्रमाण?

निबंध लिहावयाचा म्हणजे आधीं आपला पक्ष ठरवावा, मग त्यास अनुकूल अशीं प्रमाणें गोळा करावीं आणि शेवटीं तीं मुद्द्यांच्या ओळींत मांडावीं, अशी शिकवण आपल्या विद्यार्थ्यांस सर्रास मिळते. ही रीत सोयीची आहे यांत शंका नाहीं; परंतु ती प्रामाणिक आहे काय, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. ज्याचा निकाल आधींच लागला आहे त्या खटल्यांत साक्षीदार तपासण्यास अर्थ तो काय? निबंधाचा आराखडा हा आमच्या मतें केवळ लेखनकलेचा विषय नसून नीतीचाही विषय आहे.

उदाहरण जवळचेंच घेऊं. नवी मुंबईंतील सीवूड्स येथें खाडीलगतच्या पाणथळ जागांवर फ्लेमिंगो म्हणजे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ‘अशा जागीं इमारती होऊं द्याव्या काय?’ हा विषय तेथील विद्यार्थ्यास दिला, तर तो बहुधा पक्ष्यांची बाजू घेईल. आणि प्रमाणेंही त्याच्यापुढें हात जोडून उभीं राहतील. ठाणे खाडीचा भाग २०१५ सालीं फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०२२ सालीं रामसर करारान्वयें त्याची गणना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ क्षेत्रांत झाली. एवढें लिहून विद्यार्थी लेखणी खालीं ठेवील. परंतु येथेंच त्यास थांबविलें पाहिजे. हें प्रमाण खाडीविषयीं आहे. सीवूड्सच्या तळ्यांविषयीं त्यानें काय सिद्ध झालें?

आपल्या नैयायिकांनीं अनुमानाचे पांच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन. विद्यार्थ्याच्या आराखड्यास याहून चांगला सांगाडा आम्हांस ठाऊक नाहीं. त्यांत उपनयाचें काम असें, कीं सर्वसामान्य नियम प्रस्तुत विषयास कसा लागू पडतो तें दाखवावें. भरतीच्या वेळीं खाडींतील चिखलाचे पट्टे पाण्याखालीं जातात, आणि मग विसाव्यासाठीं हे पक्षी किनाऱ्यालगतच्या उथळ तळ्यांकडे येतात, हा दुवा जोडला तरच खाडीविषयींचें प्रमाण तळ्याच्या कामीं येतें. तो न जोडतां दिलेला आधार कितीही भारदस्त असला तरी तो आधार नव्हे, अलंकार होय.

आतां दुसरी बाजू. मुंबईवरील लोकसंख्येचा भार हलका करण्याकरितां नवें शहर वसविण्याचें ठरलें आणि त्यासाठीं १९७० सालीं सिडको स्थापन झाली. दारावे, करावे यांसारख्या गांवांच्या जमिनी या शहराखालीं गेल्या. मोबदल्यासाठीं १९८४ सालीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या आंदोलनांत भूमिपुत्रांनीं प्राण वेंचले. हें ज्यास ठाऊक आहे तो विचारील कीं, ज्यांस घरें मिळालीं त्यांनींच ‘आतां पुरे’ म्हणावें, हा न्याय कोणता? आक्षेप खरोखर जड आहे. तो आराखड्यांत पूर्वपक्ष म्हणून, आणि त्याच्या सर्व सामर्थ्यानिशीं, आला पाहिजे. त्यास उत्तर नाहीं असें नव्हे: घराची गरज सिद्ध झाल्यानें तें घर याच तळ्यावर हवें हें सिद्ध होत नाहीं. परंतु आक्षेप टाळून मिळविलेला जय आणि आक्षेपास उत्तर देऊन मिळविलेला जय यांत महदंतर आहे. गौतमानें पहिल्यास जल्प म्हटलें असतें, दुसऱ्यास वाद.

प्रमाणाचा उगम सांगणें हाही या प्रामाणिकपणाचाच भाग आहे. वात्स्यायनानें आप्त कोणास म्हटलें? ज्यानें वस्तु प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्यास इच्छा आहे, त्यास. तेव्हां प्रत्येक मुद्द्यापुढें विद्यार्थ्यानें तीन गोष्टी टिपाव्या: हें कोण सांगतो, केव्हां सांगतो, आणि त्यास तें कसें कळलें. ‘असें म्हणतात’ हा आधार नव्हे. उगम सांगणारा लेखक वाचकाच्या हातीं आपल्यावरच चालविण्याचें शस्त्र देतो, आणि त्यांतच त्याची थोरवी आहे.

याचा उत्तम दाखला पुण्यांत आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची जी चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेऊन १९६६ सालीं पुरी केली, आणि जिला सुखठणकरांनीं शास्त्रशुद्ध पाया घालून दिला, तिच्या पानोपानीं स्वीकारलेल्या पाठाखालीं नाकारलेले पाठही हस्तलिखितांच्या निर्देशासह दिले आहेत. संपादकांचा निर्णय ज्यास पटत नाहीं, त्यास विरुद्ध निर्णय करण्याची सामग्री त्याच पानावर मिळते!

म्हणून आमची सूचना साधी आहे. आराखड्याच्या माथ्यावर प्रतिज्ञेऐवजीं प्रथम प्रश्न लिहावा. त्याखालीं दोन्ही बाजूंचीं प्रमाणें उगमासह मांडावीं, प्रत्येकाचा उपनय तपासावा, आणि मगच प्रतिज्ञा ठरवावी. लिहितांना क्रम उलटा करून प्रतिज्ञा आरंभीं आणली तरी हरकत नाहीं; वाचकास तीच वाट सोयीची असते. मात्र विचाराचा क्रम उलटूं नये. प्रमाणें जुळवितां जुळवितां एखाद्या विद्यार्थ्याचा पक्षच बदलला, तर शिक्षकानें त्यास गुण अधिक द्यावे. कारण निबंधानें ज्यांचें मन वळवावयाचें त्या वाचकांत पहिला वाचक तो स्वतःच असतो.