युक्ताहार आणि मिथ्या संयम

कमी खाणाऱ्या मनुष्याविषयी भारतीय समाजात एक स्वाभाविक आदर आहे. भरल्या ताटावरून निःस्पृहपणे उठणारा, एकादशीस पाण्याचा थेंबही न घेणारा, जिभेचे चोचले न पुरविणारा मनुष्य इंद्रियांचा स्वामी समजला जातो. हा आदर निराधार नाही. रसनेवर जय मिळविणे किती कठीण आहे, हे प्रत्येक साधकास अनुभवाने ठाऊक असते. परंतु यातूनच एक प्रश्न उद्भवतो. अन्नाचा प्रत्येक त्याग संयम म्हणावा काय? एखाद्याचा त्याग त्यास मुक्तीकडे नेत आहे की बंधनाकडे, हे कोणत्या कसोटीवर ओळखावे? आणि तो बंधनाकडेच नेत असेल, तर त्याच्याजवळ बसून आहाराचा सल्ला देणाऱ्याचा धर्म कोणता?

हा प्रश्न केवळ चर्चेचा नाही. समजा, एका सुशिक्षित आणि धर्मशील घरात सोळा-सतरा वर्षांची एक कन्या आहे. प्रथम ती गोड सोडते, मग तूप, मग भात. चतुर्थी आणि एकादशी घरात पूर्वापार चालत आलेल्या. तिने त्यांत सोमवार, गुरुवार आणि शनिवार यांची भर घातली. आजी कौतुकाने म्हणते, “पोरीचा निग्रह पाहा!” आईसही अभिमान वाटतो. काही महिन्यांनी तिचे कपडे अंगावर लोंबू लागतात, केस विंचरताना पुंजके हातात येतात, भर उन्हाळ्यात तिला थंडी वाजते, मासिक पाळी थांबते. ती स्वतः घासभरही खात नाही. मात्र भावासाठी नवनवे पदार्थ रांधते आणि त्याने शेवटच्या घासापर्यंत ते संपवावेत म्हणून समोर बसून राहते. वैद्य तिला आहार-सल्लागाराकडे पाठवितात, तेव्हा ती शांतपणे विचारते, “इंद्रिये ताब्यात ठेवणे हा दोष केव्हापासून झाला?”

या प्रश्नास थट्टेने किंवा धाकाने उत्तर देता येत नाही. त्याचा विचारच करावा लागतो.

प्रथम वैद्यकशास्त्र काय सांगते ते पाहू जाता, ही अवस्था नवी नाही असे आढळते. फ्रान्समधील लासेग आणि इंग्लंडमधील सर विल्यम गल या दोन वैद्यांनी १८७३ मध्ये स्वतंत्रपणे तिचे वर्णन केले. गल यांनी तिला दिलेले ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव आजही प्रचलित आहे. १९७९ मध्ये जेरल्ड रसेल यांनी ‘बुलिमिया नर्व्होसा’ या दुसऱ्या विकाराचे वर्णन केले. त्यात मनुष्य अनावर होऊन खातो आणि मग भयाने ते अन्न ओकून किंवा अन्य उपायांनी शरीराबाहेर घालवू पाहतो. असे काही न करता वारंवार अनावर खाणे आणि नंतर लज्जेने पोळणे, या तिसऱ्या प्रकारास अमेरिकन मानसचिकित्सकांच्या निदानग्रंथात २०१३ मध्ये स्वतंत्र विकार म्हणून स्थान मिळाले. हे विकार मुलींप्रमाणे मुलांनाही होतात. कृश दिसणाऱ्यांप्रमाणे धडधाकट दिसणाऱ्यांनाही होतात. केवळ देह पाहून त्यांचे निदान होत नाही.

आता गीतेची कसोटी पाहावी. सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति खाणाऱ्यास आणि मुळीच न खाणाऱ्यास, अशा दोघांसही योग साधत नाही, असे एकाच श्लोकात सांगितले आहे. खादाडाची निंदा सर्वच करतात. परंतु निराहारी मनुष्यास त्याच पंक्तीत बसविले, हे येथील वैशिष्ट्य होय. दुसऱ्या अध्यायात याहून सूक्ष्म विचार आहे: आहार सोडणाऱ्यापासून विषय दूर होतात, परंतु त्यांविषयीची गोडी मागे उरते. तिसऱ्या अध्यायात तर कर्मेंद्रिये आवरून मनाने विषयांचे चिंतन करीत बसणाऱ्यास मिथ्याचारी म्हटले आहे. या तिन्ही वचनांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. हाताने अन्न दूर सारले एवढ्याने निर्णय होत नाही. मन अन्नापासून मोकळे झाले की अधिक जखडले, हे पाहावे लागते.

ही कसोटी त्या कन्येस लावली तर काय दिसते? पहाटे डोळा उघडल्यापासून तिच्या मनात अन्नाखेरीज दुसरा विषय नाही. काय खाल्ले, किती खाल्ले, काय चुकले, उद्या काय टाळावयाचे, याचे गणित अभ्यासात आणि देवपूजेतही चालू असते. ज्याने अन्नावर जय मिळविला त्यास अन्नाची इतकी आठवण का व्हावी?

दुसरी खूण व्रताच्या रचनेतच आहे. प्रत्येक उपवासास पारणे असते. एकादशीमागून द्वादशी येते आणि त्या दिवशी अन्न घेणे हा व्रतभंग नसून व्रताची पूर्तता असते. आजारी, बालक, वृद्ध आणि गर्भवती यांना परंपरेने सवलत दिली आहे, आणि ती घेण्यात कोणी पाप मानीत नाही. व्रत करणारा व्रताचा स्वामी असतो. त्यास ते धरता येते आणि सोडताही येते. विकारातील उपवासास मात्र पारणे नाही. एक मर्यादा गाठली की दुसरी पुढे उभी राहते आणि थांबण्याची इच्छा झाली तरी भय थांबू देत नाही. जेथे सोडण्याचे सामर्थ्य नाही, तेथे धरण्यास संयम कसे म्हणावे?

येथे कोणी म्हणेल की, मग हा दंभच झाला. सतराव्या अध्यायात देहास आणि देहस्थ ईश्वरास कृश करणाऱ्या तपाची भगवंतांनी कठोर निंदा केली आहे, तीच येथे लागू करावी. हा निष्कर्ष घाईचा होय. तेथील निंदा दंभ आणि अहंकार यांनी युक्त अशा तपाची आहे. ही कन्या दांभिक नाही. ती आजारी आहे. तापाने फणफणलेला मनुष्य बडबडतो म्हणून त्यास कोणी असत्यवादी ठरवीत नाही.

उपासमारीने मन कसे पालटते, याविषयी दोन दृष्टान्त चिंतनीय आहेत. एक छांदोग्य उपनिषदातील. उद्दालक आरुणींनी आपला पुत्र श्वेतकेतू यास पंधरा दिवस केवळ पाण्यावर राहावयास सांगितले आणि त्यानंतर वेद म्हणावयास लावले. बारा वर्षे गुरुगृही राहून वेदाध्ययन केलेल्या त्या विद्वान पुत्रास एकही ऋचा आठवेना. पित्याने त्यास जेवू घातले आणि सारे काही परत स्फुरले. मन हे अन्नमय आहे, हा सिद्धान्त उद्दालकांनी शब्दांनी सांगून न थांबता पुत्राच्या अनुभवास आणून दिला.

दुसरा दृष्टान्त अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, युरोपातील उपाशी लोकांस पुन्हा कसे पोसावे हे जाणण्यासाठी, अॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये एक प्रयोग केला. सदसद्विवेकबुद्धीस स्मरून युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणारे ३६ तरुण त्यात स्वेच्छेने सहभागी झाले. शरीराने व मनाने निरोगी म्हणून ते पारखून घेतलेले होते. सुमारे सहा महिने त्यांस नेहमीच्या निम्म्याच्या आसपास अन्न देण्यात आले आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. अन्नाविषयी फारसा विचार न करणारे हे तरुण पाककृतींची पुस्तके वाचू लागले, ताटे चाटू लागले, चिडखोर, उदास आणि एकलकोंडे झाले. पुढे अन्न मोकळे झाल्यावर त्यांतील काहींना कितीही खाल्ले तरी तृप्ती येईना. या तरुणांस सौंदर्याचा हव्यास नव्हता आणि कोणता मनोविकारही नव्हता. केवळ अन्नाच्या अभावाने त्यांचे मन तसे घडले.

या दोन्ही दृष्टान्तांतून आहार-सल्लागाराच्या कर्तव्याची दिशा मिळते. रित्या पोटी विवेकाची अपेक्षा करणे व्यर्थ होय. प्रथम पोषण, मग उपदेश. मात्र हे पोषणही जाणकाराच्या देखरेखीखाली व्हावे लागते. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्यास मायेपोटी एकदम पोटभर वाढले, तर रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने घटून हृदयास धोका पोहोचू शकतो. ओकाऱ्या काढणाऱ्याच्या दातांचे कवच आम्लाने झिजते आणि पोटॅशियम उतरल्याने हृदयाची गती बिघडते. म्हणून वैद्य, मानसचिकित्सक आणि आहारतज्ज्ञ या तिघांनी मिळून हे कार्य करावयाचे असते.

सल्लागाराची रीत बाहेरून पाहता अगदी साधी दिसते. दिवसातून तीन जेवणे आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडे खाणे. दोन खाण्यांत तीन-चार तासांहून अधिक अंतर नाही. भूक लागली न लागली तरी वेळ चुकवावयाची नाही. अन्नाचे ‘पुण्यकारक’ आणि ‘पापी’ असे भाग पाडावयाचे नाहीत. अनावर खाणाऱ्यास सामान्यतः लोक सांगतात, “उद्या उपवास कर.” जाणता सल्लागार नेमके उलट सांगतो: रात्री अनावर खाणे झाले तरी सकाळची न्याहारी सोडू नये, कारण दिवसभराचे उपाशी राहणे हेच पुष्कळदा रात्रीच्या अनावरपणाचे बीज असते. अति खाणे आणि मुळीच न खाणे या दोन्ही टोकांस गीतेने एकत्र का उल्लेखिले, याचे एक मर्म येथे उलगडते.

सात्त्विक आहाराच्या नावाखालीही कित्येकदा ताट आक्रसत जाते. परंतु सात्त्विक आहाराची गीतोक्त लक्षणे पाहावीत: तो आयुष्य, बल, आरोग्य आणि प्रसन्नता वाढविणारा, रसयुक्त व स्निग्ध असतो. ज्या आहाराने बल ओसरते आणि प्रसन्नता मावळते, त्यास कितीही शुद्ध म्हटले तरी सात्त्विक म्हणता येणार नाही.

आता सर्वांत बिकट प्रश्न. रोगी स्पष्ट नकार देत असेल तर त्यास खाऊ घालण्याचा अधिकार कोणास आहे? अर्जुनास अठरा अध्याय उपदेश केल्यावर भगवंतांनी, याचा पूर्ण विचार करून इच्छेस येईल तसे कर, असे म्हटले. त्यांनी घोड्यांचे लगाम हाती धरले, परंतु धनुष्य अर्जुनाच्याच हाती ठेवले. सल्लागाराचा आदर्श हाच असावा. तथापि विचार करण्याची शक्तीच जेथे उपासमारीने क्षीण झाली आहे आणि प्राण संकटात आहेत, तेथे ‘तिची इच्छा’ म्हणून स्वस्थ बसणे हे स्वातंत्र्याचा आदर नसून कर्तव्याचा त्याग होय. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही रोग्याच्या निर्णयाचा मान राखून, विशिष्ट परिस्थितीत आणि ठरावीक मर्यादांत, त्याच्या संमतीवाचून उपचार करण्यास वाव ठेवला आहे. बळाची मर्यादा मात्र विसरता कामा नये. निवड करण्याचे सामर्थ्य परत यावे एवढ्यापुरतेच ते क्षम्य आहे. त्यापलीकडे एक पाऊल टाकले की सल्लागार रथी होऊ पाहतो आणि रोगी त्याच्या हट्टाचे साधन बनतो.

सल्लागारासही स्वतःचा निग्रह करावा लागतो. आठवडाभर सुधारलेला रोगी पुन्हा घसरतो, अन्न लपवितो, खोटे बोलतो. ज्याचे चित्त काट्यावरील आकड्यास चिकटले असेल, तो अशा वेळी रागावतो. आणि त्याचा राग रोग्याच्या लज्जेत भर घालतो. फलाची आसक्ती सोडून कर्म करण्याची शिकवण येथे नित्याच्या व्यवहारात उतरावी लागते. ताट वेळेवर समोर यावे, शेजारी कोणीतरी शांतपणे बसावे, उद्या पुन्हा तसेच व्हावे, इतकेच त्याच्या हाती असते. बरे होण्यास महिने लागतात, कित्येकदा वर्षे लागतात.

घरच्यांनीही काही गोष्टी पाळाव्यात. कोणाच्याही देहावर, जाड वा बारीक, शेरा मारू नये. उपवासाचे कौतुक करताना त्याचे पारणे होते की नाही हे पाहावे. ताटावर वादविवाद करू नये आणि शंका येताच वैद्यास दाखविण्यास विलंब लावू नये. २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांतून विनामूल्य मार्गदर्शन करते. लज्जेने घरातच झाकून ठेवलेला विकार वाढतो.

आणि त्या कन्येच्या प्रश्नाचे उत्तर? सल्लागाराने तिला इतकेच म्हणावे, “ताई, इंद्रिये ताब्यात ठेवणे हा दोष नव्हे. पण तुझी इंद्रिये तुझ्या ताब्यात आहेत की भयाच्या, हे आपण दोघे मिळून पाहू. तुझ्या व्रतांत वार पुष्कळ झाले. आता एक द्वादशी हवी.” प्राणिमात्रांच्या देहात वैश्वानर होऊन चतुर्विध अन्न पचविणारा मीच, असे भगवंतांनी पंधराव्या अध्यायात सांगितले आहे. त्या अग्नीस वेळेवर आहुती देणे हेही यजनच होय. पहिल्या दिवशी ती वरण-भाताचे चार घास भीतभीत खाईल आणि कदाचित रडेल. घरच्यांनी त्या चार घासांचा सोहळा करू नये, आणि उरलेल्या भाताबद्दल बोलूही नये. दुपारी पुन्हा ताट मांडावे.