बेगमी आणि साठा

उपभोग पुढें ढकलणें हा संयम कीं लोभ, हा प्रश्न आमच्या मनांत आला तो एका कपाटापुढें उभे असतां. नागपुरांत रामदासपेठेंत आमचे एक स्नेही राहतात. मे महिन्याची दुपार होती. बाहेर डांबर पायांस चिकटत होतें, कूलरमध्यें दोनदां पाणी भरून झालें होतें, आणि जेवणाच्या खोलीच्या कोपऱ्यांत कांचेच्या दाराचें एक उंच कपाट मात्र तेरा अंशांवर शांतपणें गुणगुणत उभें होतें. त्यांत फ्रान्सच्या बोर्दो प्रांतांतील तांबड्या वाइनच्या बारा बाटल्या आडव्या निजविलेल्या होत्या. ज्या शहरानें २०१३ च्या मे महिन्यांत पारा ४७ अंशांच्या पुढें गेलेला पाहिला, तेथें घरच्या माणसांनीं घाम पुसावा आणि बाटल्यांस तळघराचा गारवा मिळावा, याचें आम्हांस प्रथम हसूं आलें. विचार मागून आला.

मद्यपान बरें कीं वाईट, हा वाद आम्ही येथें काढीत नाहीं. नागपुराशेजारचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा आहे. तेव्हां त्या वादांतील दोन्ही बाजूंची वकिली आमच्या वाचकांनीं पुष्कळ ऐकली असेल. आमचा प्रश्न पिण्याचा नसून न पिण्याचा आहे. आणि तोही विरक्ताच्या न पिण्याचा नव्हे, तर ज्यास प्यावयाचें आहे, पेला हाताशीं आहे, आणि तरीही जो वर्षानुवर्षें पीत नाहीं, त्याचा.

अशा थांबण्यास एक सबळ कारण आहे, तें प्रथम सांगितलें पाहिजे. तांबड्या वाइनचा तुरटपणा द्राक्षांच्या सालींतून व बियांतून येतो. नव्या वाइनमध्यें तो कच्च्या जांभळासारखा जिभेस धरतो. काळ लोटतो तसतसे या तुरट द्रव्याचे कण एकमेकांस जोडले जाऊन मोठे होतात व कांहीं गाळ होऊन तळाशीं बसतात. मग चव मऊ होते, आणि ताज्या फळाच्या वासाच्या जागीं सुक्या अंजिराचा, तंबाखूच्या पानाचा, ओल्या लाकडाचा वास येऊं लागतो. हें काम थंड व अंधाऱ्या जागीं सावकाश व्हावें लागतें. उष्म्यांत तेंच घाईनें होऊन रस शिजल्यासारखा लागतो. बाटली आडवी ठेवावयाची ती बूच ओलें राहावें म्हणून; बूच वाळलें कीं आंत हवा शिरलीच. अर्थात् हें भाग्य सर्वांचें नाहीं. जगांतील बहुतेक वाइन, आमच्या नाशिकची बहुतेक धरून, थोड्या वर्षांत पिऊन टाकण्यासाठींच केलेली असते. दीर्घायुषी बाटल्या मोजक्या.

हें वाचून आमच्या भगिनीवर्गास लिंबाचें लोणचें आठवेल. तेंही वर्षें जातां जातां काळें पडतें, त्याचा कडवटपणा मुरतो, आणि तापांतून उठलेल्या माणसाच्या तोंडास चव यावी म्हणून आजीबाई बरणीच्या तळांतून एक फोड काढून देतात. नागपुराकडे उन्हाळा म्हणजे एरव्हीही बेगमीचे दिवस: गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे वाळत आहेत, घरांत तिखट कुटलें जात आहे, डाळी डब्यांत भरल्या जात आहेत. बेगमी या शब्दांतच मुदत आहे. पुढचा उन्हाळा येण्यापूर्वीं डबे रिकामे झाले तरच ती नीट झाली असें गृहिणी म्हणते. उरलेल्या कुरड्यांचा अभिमान कोणी बाळगीत नाहीं. साठ्यास मुदत नसते. त्याचा अभिमान मात्र असतो. बाहेरून दोन्ही सारखींच दिसतात, हीच अडचण आहे.

आजीबाईंच्या बरणीस कोणीं गुण दिलेले नसतात. बोर्दोच्या बाटलीस ते मिळालेले असतात, आणि त्यांची कथा मनोरंजक आहे. १८५५ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनासाठीं बोर्दोच्या दलालांनीं तेथील तांबड्या वाइनचे पांच वर्ग लाविले. हे वर्ग त्यांनीं मुख्यतः कोणत्या मळ्याच्या मालास बाजारांत पूर्वापार काय भाव मिळत आला यावरून ठरविले. म्हणजे भावावरून वर्ग ठरले आणि पुढें वर्गावरून भाव ठरूं लागले! त्यानंतर खालच्या वर्गांतून वरच्यांत बढती मिळाली ती एकाच मळ्यास, मूतों-रॉथशील्ड यास, आणि तीही १९७३ सालीं. पुढें रॉबर्ट पार्कर नांवाच्या अमेरिकन वकिलानें १९७८ पासून आपल्या पत्रकांत शंभरापैकीं गुण देण्याची चाल रूढ केली. या परीक्षेंत पन्नास गुण आरंभींच पदरांत पडतात. आमच्या विद्यार्थ्यांनीं हें ऐकूं नये. त्याच्या एका आकड्यानें बाजार हालूं लागला.

या आकड्यांनीं जीभ फसते, असें सरळ म्हणून आम्हांस मोकळें होतां आलें असतें. १९७६ सालीं स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्यानें पॅरिसमध्यें फ्रेंच परीक्षकांस नांवें झांकून पेले दिले, तेव्हां बोर्दोच्या नामांकित मळ्यांस मागें टाकून कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. परंतु २००८ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं प्रसिद्ध केलेला प्रयोग आम्हांस अधिक विचार करावयास लावतो. त्यांनीं एकच वाइन एकदां दहा डॉलरची व एकदां नव्वद डॉलरची म्हणून पाजिली. नव्वदाची लोकांस अधिक आवडली; इतकेंच नव्हे, तर मेंदूंतील सुखाशीं संबंध असलेल्या भागांतही त्या वेळीं अधिक हालचाल दिसली. ते लोक खोटें बोलत नव्हते. त्यांचें सुख खरें होतें. फक्त तें सर्वच पेल्यांतून आलेलें नव्हतें. अशा सुखास खोटें म्हणण्याचा अधिकार कोणास आहे, हें आम्हांस अजून उलगडलेलें नाहीं. देवाचा प्रसाद म्हणून हातावर पडलेली साखरही डब्यांतल्या साखरेहून गोड लागतेच.

आमचा आक्षेप निराळा आहे. आकडा चवीपाशीं थांबत नाहीं. तो थांबण्यांतही शिरतो. बाटलीस पंचाण्णव गुण चिकटले कीं ती कोणाबरोबर प्यावी हा प्रश्न मागें पडतो आणि तिच्या योग्यतेचा प्रसंग कोणता, हा प्रश्न पुढें येतो. तो प्रसंग येत नाहीं. कारण प्रसंग माणसांचे असतात, आणि माणसें नेहमींचींच असतात. त्यांस पंचाण्णव गुण कोण देणार?

आमच्या स्नेह्यांच्या कपाटांत २००० सालची एक बाटली होती. तें वर्ष बोर्दोस उत्तम गेलें, आणि त्याच वर्षीं त्यांस मुलगी झाली. परदेशच्या एका प्रवासांत त्यांनीं ती बाटली घेतली व वडील बंधूंच्या देखत ठरविलें कीं, मुलीस एकवीस वर्षें पूर्ण झालीं, म्हणजे आमच्या राज्यांत वाइन पिण्याचें वय झालें, कीं तिघांनीं मिळून ती उघडावयाची. इथपर्यंत ही शुद्ध बेगमी होती: माणसें ठरलेलीं, मुदत ठरलेली. २०२१ च्या एप्रिलांत साथीच्या दुसऱ्या लाटेंत बंधु गेले. मुलीचा वाढदिवस जुलैमध्यें आला व गेला. त्या वर्षीं बाटली उघडली नाहीं याबद्दल कोण बोल लावील? पण पुढें मुलीस नोकरी लागली, तिचें लग्न झालें, आणि दर वेळीं कपाटाचें दार उघडून मिटलें. मधल्या काळांत बाटलीचा भाव चढला होता. पुतण्यानें तो मोबाइलवर काढून दाखविला, तेव्हांपासून ती आणखी आंत सरकली. आम्हीं एकदां विचारलें, तर म्हणाले, "अहो, राहूं द्या. अजून तिचे दिवस आहेत." तिचे होते, त्यांच्या बंधूंचे नव्हते, आणि हें ते जाणत नव्हते असें नाहीं.

कोणी म्हणेल, आजोबा आंब्याचें झाड लावतात तेंही स्वतः खाण्यासाठीं नव्हे. खरें आहे. परंतु झाड दरसाल देतें, आणि वाटेवरच्या पोरासही देतें. बाटली एकदांच देते, आणि तिची राखण करणारास तेवढा वेळ नकार देण्याची संवय लागते. ती संवय बाटलीपुरती राहती तर आम्ही हा लेख लिहिला नसता.

गेल्या मार्गशीर्षांत मुलगी माहेरीं आली होती. वहिनी, म्हणजे त्या बंधूंच्या पत्नी, जेवावयास होत्या. आम्हांसही बोलावणें होतें. स्नेह्यांनीं कांहीं न बोलतां ती बाटली काढली. बूच अर्ध्यावर तुटलें, तुकडे आंत पडले. शेवटीं चहाच्या गाळणींतून गाळावी लागली. रंग विटेसारखा झाला होता. स्नेह्यांनीं घोट घेऊन डोळे मिटले. मुलगी म्हणाली, "बाबा, छान आहे," आणि वांग्याच्या भरताकडे वळली. वहिनी पीत नाहींत. त्यांनीं पेला नुसता हुंगला, आणि दादांनीं एकदां फुटाळ्यावर मित्रांच्या पैजेखातर धोतरासकट पोहून दाखविलें होतें ती हकीकत सांगितली. ती स्नेह्यांसही ठाऊक नव्हती. गुणांचें कात्रण त्यांनीं कपाटावर काढून ठेविलें होतें. त्यावर भाकरीचें ताट आलें.

आम्ही निघालों तेव्हां उरलेल्या अकरांपैकीं संक्रांतीस कोणती काढावी, याची बापलेकींत चर्चा चालू होती.