नदीला विटाळ

नेदरलंड्समधील डेल्फ्ट येथे पर्यावरण अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी गेले, त्याच्या आधीच्या त्रिपुरी पौर्णिमेला भल्या पहाटे आजीबरोबर कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर उभी होते. पायऱ्यापायऱ्यांवर पणत्या तेवत होत्या आणि पाण्याला वास येत होता. आजीने ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले, तेव्हा न राहवून मी म्हणाले, "आजी, जयंती नाल्याचं पाणी यातच मिसळतं गं." तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "नाल्याला विटाळ असेल बाई. नदीला कसला विटाळ?"

हे वाक्य परदेशातील दोन्ही वर्षे माझ्या मनात राहिले. अडाणी श्रद्धा म्हणून ते बाजूला सारणे सोपे होते. परंतु जी वस्तू स्वतः पावन करणारी आहे ती अपावन होऊ शकते काय, हा धर्मचिंतनातील मूलभूत प्रश्न त्यात दडलेला होता, आणि कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार दृश्य प्रवाहांबरोबर अदृश्य सरस्वतीलाही मोजून जिला पंचगंगा हे नाव दिले, त्या नदीविषयी तो विचारला गेला होता. डोळ्यांना न दिसणारा प्रवाह जिच्यात मानला जातो, तिच्यातील दिसणारी घाण मात्र मानली जात नाही, याचे मला फार वाईट वाटे.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा विचार आहे. कोणती वस्तू कशाने शुद्ध होते हे सांगताना स्मृतिकार नदीची शुद्धी तिच्या वेगाने होते असे म्हणतात. डेल्फ्टच्या वर्गात स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी ओहायो नदीच्या अभ्यासातून 1925 साली मांडलेले समीकरण फळ्यावर उतरले, तेव्हा हे वचन मला अकस्मात आठवले. कारण वाहते, खळाळते पाणी हवेतून प्राणवायू ओढून घेते आणि त्या प्राणवायूच्या बळावर आपल्यातील घाण पचवते, हेच त्या समीकरणाचे एक अंग आहे. प्राचीनांचे निरीक्षण खोटे नव्हते. परंतु समीकरणाला दुसरेही अंग आहे, ते घाणीच्या भुकेचे. आपल्याकडील उन्हाळ्यात एक लिटर पाण्यात फार तर 8 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो, आणि घरगुती सांडपाण्याच्या एका लिटरला तो 200 ते 300 मिलिग्रॅम लागतो. या भुकेलाच आमच्या व्यवसायात बीओडी म्हणतात. लहान गावाचे सांडपाणी मोठ्या नदीने पचवले असेल. शहराचे सांडपाणी उन्हाळ्यात रोडावलेल्या नदीत सोडले की प्राणवायू संपतो, मासे पाण्यावर येऊन तोंडे उघडतात आणि मरतात. ज्या वेगाच्या भरवशावर स्मृतिकारांनी नदीला शुद्ध म्हटले, तो वेग बंधारे घालून आपणच अडवला आहे, हेही विसरता येत नाही. शिवाय त्याच स्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र टाकू नये, थुंकू नये, असा स्पष्ट निषेध आहे. नदी शुद्ध होते हे आपण पाठ केले आणि पाण्यात घाण टाकू नये हे सोयीस्करपणे दप्तरात बांधून ठेवले.

प्रयोगशाळेतील एक दिवस मला विशेष आठवतो. शुद्धीकरण केंद्रातील हवा भरण्याच्या टाकीतून आणलेले तपकिरी, चिखलासारखे पाणी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात ओतून अर्धा तास स्तब्ध ठेवायचे, एवढीच चाचणी होती. पहिली पाच मिनिटे काहीच घडले नाही. मग त्या गढूळपणात लहान लहान पुंजके जमू लागले, ते जड होऊन हळूहळू खाली उतरू लागले, आणि अर्ध्या तासाने खाली तपकिरी गाळ व वर आरपार दिसणारे स्वच्छ पाणी असे दोन भाग झाले. त्या गाळाचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर बारीक देठावर घंटेच्या आकाराचे जीव डोलताना दिसले; काचेला किंचित धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा आवळून ते मागे जात आणि पुन्हा सावकाश उलगडत. मी नाकावर रुमाल धरून आले होते. तो केव्हा खाली आला हे माझे मलाच कळले नाही. याच गावात राहून आंतोनी व्हान लेवेनहुक या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून सतराव्या शतकात पाण्याच्या थेंबातले जीव प्रथम पाहिले होते, आणि त्याचे थडगे आमच्या प्रयोगशाळेपासून फार दूर नव्हते.

या गाळाची कथा सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. 1914 साली मँचेस्टरच्या डेव्हिहुल्म केंद्रात आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून पाहिली, तेव्हा ते पूर्ण शुद्ध होण्यास सुमारे पाच आठवडे लागले. मग त्यांनी वरचे स्वच्छ पाणी काढून घेतले, तळाशी बसलेला गाळ मात्र फेकला नाही. त्याच गाळावर नवे सांडपाणी ओतले, आणि असे पुनःपुन्हा केल्यावर आठवड्यांचे काम तासांवर आले. टाकून देण्याजोगे समजले जाणारे तेच शुद्धीचे साधन ठरले, कारण शुद्ध करणारे जीव त्यातच वाढलेले होते. जगातील असंख्य शहरांचे सांडपाणी आज याच रीतीने शुद्ध होते.

आपल्या सोवळ्याची रीत याच्या नेमकी उलट आहे. मलिन वस्तूपासून अंतर राखणे म्हणजे शुद्ध राहणे, अशी व्याख्या एकदा पत्करली की घाण नाहीशी करण्याची गरज उरत नाही, ती कोणा दुसऱ्याच्या माथी मारली म्हणजे पुरते. आपण तेच केले: मैला उचलणाऱ्या माणसाला अस्पृश्य ठरवले आणि मैला वाहणाऱ्या नदीला देवी म्हटले. या दोन गोष्टी एकाच विचाराच्या पोटी जन्मल्या आहेत, असे माझे ठाम मत आहे. आणि ज्या स्मृतीचा मी वर आधार घेतला तीही या पापातून मुक्त नाही. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचे काम करू द्यावे म्हणून सवर्ण कैदी असलेल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी उपोषण केले आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास धरला. ते काम अप्पासाहेबांना मिळावे यासाठी सरकारशी भांडावे लागले, ही हकिकत मी डेल्फ्टमधील सहाध्यायांना सांगितली तेव्हा त्यांना ती समजावण्यात माझी एक संध्याकाळ गेली. हाताने मैला काढण्यास मनाई करणारा कायदा 2013 साली झाला, तरी गटारात उतरून माणसे अजून मरतात.

त्या संध्याकाळी जॉर्डनच्या एका सहाध्यायाने मला एक गोष्ट सांगितली. शुद्ध केलेल्या सांडपाण्याने नमाजापूर्वी वजू करणे धर्माला मान्य आहे काय, हा प्रश्न सौदी अरबस्तानातील श्रेष्ठ उलेमांपुढे आला, तेव्हा 1978 साली त्यांनी फतवा दिला, की पाण्याचा रंग, वास आणि चव पूर्ववत झाली असेल तर ते पाणी पाक आहे. तेथे पाण्याचे दुर्भिक्ष होते, म्हणून हा विचार त्यांना टाळता आला नाही. आपल्याकडील धर्मपीठांनीही अभियंत्यांना समोर बसवून हा विचार करावा आणि प्रक्रिया न केलेले सांडपाणी नदीत सोडणे हा तीर्थाचा उपमर्द आहे असे स्पष्ट शब्दांत जाहीर करावे. तीर्थाचे पावित्र्य हा पाण्याचा गुण मानला की माणूस मोकळा सुटतो. ते आपल्यावरचे ऋण मानले तर ते रोज फेडावे लागते, आणि मला हा दुसरा अर्थच धर्म्य वाटतो.

परत आल्यावर नळकांड्यातल्या गाळाची आणि त्या घंटेसारख्या जीवांची हकिकत मी आजीला सांगितली. तिने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे देवळात जाताना आपण आंघोळ करून जातो, तसं नाल्यानं आंघोळ करून नदीकडे यावं, एवढंच ना?" एवढेच.

वाचकहो, येत्या पौर्णिमेला नदीत दिवा सोडण्यापूर्वी आपल्या नगरपालिकेकडे एक अर्ज करा. गावात रोज किती सांडपाणी निर्माण होते, त्यातील कितीवर प्रक्रिया होते आणि नदीत सोडताना त्याची बीओडी किती असते, एवढेच विचारा. माहिती अधिकाराच्या या अर्जाला 10 रुपये शुल्क पडते, आणि 30 दिवसांच्या आत उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आहे.