हरलेल्याने कुठे जायचे?

शाळेपासून सरकारी कचेरीपर्यंत कुठल्याही टेबलाच्या खणात व्हाइटनरची एक बाटली सापडतेच. आफ्रिकेतल्या मलावी देशात या बाटलीने एका राष्ट्राध्यक्षाची खुर्ची घालवली. मे २०१९च्या निवडणुकीनंतर मतदान केंद्रांवरून आलेल्या अनेक निकालपत्रकांवर मूळ आकडे पांढऱ्या थराखाली झाकून वर नवे लिहिलेले आढळले. तोवर पीटर मुथारिका विजयी ठरले होते, शपथविधीही उरकला होता. विरोधक कोर्टात गेले. ३ फेब्रुवारी २०२० रोजी पाच न्यायाधीश अंगात बुलेटप्रूफ जाकिटे घालून सैनिकी पहाऱ्यात आले. जवळजवळ दहा तास निकालाचे वाचन चालले आणि लोक रेडिओला कान लावून बसले. निवडणूक रद्द झाली. जूनमध्ये फेरमतदान झाले आणि लाझारस चक्वेरा ५८ टक्क्यांहून अधिक मते घेऊन निवडून आले.

निवडणुकीने विजेता ठरतो, हे खरेच. पण तिचे अवघड काम वेगळे आहे. हरलेल्याला आपली हार पटली पाहिजे. जिंकलेल्याला मोजणीची शंका कधीच येत नाही. म्हणून राज्यपद्धती अध्यक्षीय की संसदीय, मत कागदावर की यंत्रावर, या आपल्या आवडत्या वादांच्या आधी एक साधा प्रश्न विचारावा : संशय आला तर हरलेल्याने हातात काय घेऊन, कोणाच्या दारात जायचे आणि न्याय कधीपर्यंत मिळणार?

केनियाने याची उत्तरे स्वतःच्या रक्ताने लिहिली. ३० डिसेंबर २००७च्या संध्याकाळी अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल लागला आणि तासाभरातच, दिवेलागणीला, म्वाई किबाकींनी शपथ घेतली. प्रतिस्पर्धी रायला ओडिंगा यांच्या पक्षाचा न्यायाधीशांवर विश्वास नव्हता. कोर्टाची पायरी न चढता वाद रस्त्यावर आला. अकराशेहून अधिक माणसे मारली गेली, लाखो बेघर झाली. पुढे नेमलेल्या क्रीग्लर आयोगाचा निष्कर्ष असा, की खरे कोण जिंकले ते आता सांगताच येणार नाही. त्यानंतर आलेल्या २०१०च्या राज्यघटनेने अध्यक्षीय निवडणुकीच्या तक्रारीवर सर्वोच्च न्यायालयाला १४ दिवसांची मुदत घातली. २०१७ मध्ये याच न्यायालयाने विद्यमान अध्यक्ष उहुरू केन्याटा यांची सुमारे १४ लाखांच्या आघाडीची निवड रद्द केली. न्यायालयाने सर्व्हर तपासू द्या म्हटले, तरी निवडणूक आयोगाने ते धडपणे उघडले नव्हते. २०२२ मध्ये मात्र आयोगाने ४६ हजारांहून अधिक केंद्रांची निकालपत्रके जशीच्या तशी इंटरनेटवर टाकली. ज्याला हवे त्याने घरी बसून बेरीज करावी! सातपैकी चार आयुक्तांनी निकालाला मान्यता नाकारली, तरीही ओडिंगा कोर्टात गेले आणि एकमताने हरले. निर्णय आपल्याला अमान्य आहे, पण आपण त्याचा मान राखतो, असे ते म्हणाले. २००७ पुन्हा घडले नाही.

श्रीमंत लोकशाह्याही यातून सुटलेल्या नाहीत. ऑस्ट्रियात २०१६ मध्ये अलेक्झांडर फान डेर बेलेन ३०,८६३ मतांनी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. काही जिल्ह्यांत टपाली मतांची पाकिटे ठरल्या वेळेआधी उघडल्याचे उघड झाले. लबाडीचा पुरावा कोणालाच सापडला नाही, पण नियम मोडलेली मते आघाडीपेक्षा जास्त होती, एवढ्यावर घटना न्यायालयाने फेरनिवडणूक लावली. ती पाकिटांचा डिंक नीट चिकटेना म्हणून लांबली! डिसेंबरमध्ये तेच उमेदवार तीन लाखांहून अधिक मतांनी जिंकले.

अमेरिकेत २००० साली फ्लोरिडातल्या सुमारे ६० लाख मतांत जॉर्ज बुश ५३७ मतांनी पुढे होते. तिथे निकालावर शिक्कामोर्तब करणाऱ्या बाई बुश यांच्याच प्रचारसमितीच्या सहअध्यक्ष होत्या आणि राज्यपाल बुश यांचे सख्खे भाऊ. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेरमोजणी थांबवली. यात पंचाची निःपक्षता शोधू जाल तर फारशी हाती लागत नाही. ते राष्ट्र तेव्हा तरले ते प्रतिस्पर्धी अल गोर यांच्या संयमावर. उपाध्यक्ष या नात्याने ६ जानेवारी २००१ रोजी स्वतःच्या पराभवाची घोषणा त्यांनीच संसदेत केली. पण संयम ही व्यवस्था नव्हे, हे वीस वर्षांनी, त्याच तारखेला, त्याच इमारतीत जमाव घुसला तेव्हा जगाने पाहिले.

नुसता कागदही पुरत नाही. व्हेनेझुएलात मतदान संपले की यंत्रातून निकालपत्रक छापून निघते आणि पक्षांच्या प्रतिनिधींना त्याची प्रत मिळते. जुलै २०२४च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर विरोधकांनी ऐंशी टक्क्यांहून अधिक यंत्रांची पत्रके जमवून जाहीर केली. निवडणूक मंडळाने केंद्रवार आकडे दिलेच नाहीत, तरी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तत्कालीन अध्यक्ष मादुरोंचा विजय ग्राह्य धरला. विरोधी उमेदवार एडमुंडो गोन्झालेस सप्टेंबरात स्पेनला गेले. पुरावा हातात होता, दार मात्र बंद होते.

आणि आपण? आपल्याकडे मतदान संपल्यावर उमेदवाराच्या प्रतिनिधीला नमुना १७-सीची प्रत मिळते. दारही उघडे आहे : १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधींची निवड रद्द ठरवली. पण ती निवडणूक मार्च १९७१ची होती! निवडणूक याचिका शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावी, असे कायदा सांगतो. या 'शक्यतो'त आमदार-खासदारांच्या मुदती सहज मावतात. मतपत्रिका की यंत्र यावर आपण जितका घसा कोरडा करतो, त्याच्या निम्म्याने तरी हा शब्द कायद्यातून काढण्यासाठी करावा. केनियाला जे १४ दिवसांत जमते, ते आपल्याला १८० दिवसांत जमायला हरकत नाही.