वाघ नसतानाचे जंगल

२०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, तेव्हापासून सातारा-सांगलीत एक प्रश्न वरचेवर विचारला गेला: वाघ दिसत नाही, मग व्याघ्र प्रकल्प कशाला? प्रश्न रास्त होता. साताऱ्याचे कोयना अभयारण्य आणि चार जिल्ह्यांच्या सीमेवरचे चांदोली राष्ट्रीय उद्यान, भोवतीच्या क्षेत्रासह सुमारे ११६५ चौरस किलोमीटर जमीन राखायची आणि वाघाचा पुरावा म्हणून दाखवायचे काय, तर पावलांचे ठसे आणि विष्ठा. चांदोलीत कॅमेऱ्याने वाघ टिपला तो २०१८ साली. पुढे २०२३ च्या डिसेंबरात प्रकल्पात पुन्हा एकदा वाघाचे छायाचित्र मिळाले. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याची एक वाघीण चांदोलीत आणली गेली. तिचा इथे जम बसेल की नाही, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू नये. पण तिला आणावे अशी जागा शिल्लक होती आणि ती शिल्लक राहिली, कारण कोयना आणि चांदोली ही दोन्ही क्षेत्रे १९८५ साली अभयारण्ये म्हणून जाहीर झाली. जंगल राखून काय मिळाले याचा हिशेब मांडायचा, तर तो चाळीस वर्षांचा मांडावा लागतो.

अमेरिकेने १९६४ साली वन्यक्षेत्रांचा कायदा केला, तेव्हा त्यामागे माणसाचा हात न लागलेल्या भूमीची कल्पना होती. सह्याद्रीत तशी भूमी नाही. वासोटा आणि प्रचितगड हे किल्ले या जंगलाच्या पोटातच आहेत. उतारांवर नाचणी-वरी पिकत होती, गावागावांनी देवराया राखल्या होत्या, आणि नंतर दोन मोठ्या धरणांनी खोरीच्या खोरी पाण्याखाली घेतली. म्हणजे आपल्याकडे कायद्याने जे राखले ते जुने, अस्पर्श रान नव्हते. त्याने झीज झालेल्या रानाला भरून येण्यासाठी लागणारा काळ राखला, आणि माझ्या मते हीच त्याची खरी कमाई आहे. गावे उठली त्या माळांवर आज गवे चरतात. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते; विधानसभेची मुदत पाच वर्षांची. जंगलाचा काळ आणि सत्तेचा काळ यांचा मेळ बसत नाही, म्हणूनच सत्तेच्या एका फटकाऱ्याने पुसता येणार नाही अशी रेघ लागते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अभयारण्याची हद्द बदलायला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते, आणि त्याआधी २००० सालच्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने आपल्या परवानगीशिवाय अभयारण्याचा वा उद्यानाचा दर्जा काढता येणार नाही, असे बजावले. अशा तरतुदींना 'विकासातले अडथळे' म्हटले जाते. अडथळे त्या आहेतच, आणि असायलाच हव्यात.

त्या का हव्यात, हे सड्यावर कळते. जांभ्या दगडाच्या या पठारांवर माती असते काही बोटांची. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचते आणि इतर वनस्पतींना न मानवणाऱ्या त्या निकस ओलीत गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू उगवतात. शेवटच्या दोन वनस्पती कीटक पकडून मातीतली उणीव भरून काढतात. साताऱ्याचे नाव ज्याच्या शास्त्रीय नावात आहे तो वायतुरा अशाच सड्यांवर सापडतो. हा सगळा संसार त्या पातळ थरावर उभा आहे. तो एकदा खरवडला की दगड उरतो आणि तिथे झाडे लावून काही भरून येत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठी रस्ते आले, पाये खोदले गेले. वाऱ्यापासूनची वीज हवीच आहे. पण एकदा का सडा म्हणजे 'पडीक जमीन' असे कागदावर उतरले, की तिथे काय होते आणि काय गेले हे विचारणारा कोणी उरत नाही. चांदोलीतल्या झोळंबीच्या सड्यावर हा प्रश्न आलाच नाही, कारण २००४ पासून तो राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहे.

जंगलाच्या बाजूने बोलणारे कधी कधी त्याच्यावर भलतेच ओझे टाकतात. कोयना आणि वारणेच्या उगमाकडे जंगल आहे म्हणून सांगलीला पूर येणार नाही, असे कोणी म्हणू नये. २०१९ साली तो आलाच. उतारावरची माती धरून ठेवणे आणि १०५ टीएमसीच्या कोयना धरणात जाणारा गाळ कमी करणे, एवढे जंगल करते. तेवढे पुरेसे आहे.

खरा जड आक्षेप माणसांचा आहे. कोयनेच्या खोऱ्यातल्या लोकांना आधी धरणाने उठवले, मग जे काठावर राहिले त्यांच्यावर अभयारण्याचे नियम आले. चांदोलीच्या लोकांचीही कहाणी याहून फार वेगळी नाही. जमिनीच्या वाटपासाठी त्यांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली, श्रमिक मुक्ती दलाने ती लढवली. हा अन्याय जंगलाच्या नावावर खपवता येत नाही. पण तो कायद्याच्या हेतूतून आला की अंमलबजावणीतून, हे तपासायला हवे. हक्कांची चौकशी करून ते निकाली काढणे हे १९७२ च्या कायद्यातच आहे. २००६ सालची दुरुस्ती आणि त्याच वर्षीचा वनहक्क कायदा यांनी लोकांची संमती आणि त्यांचे हक्क अधिक ठामपणे मांडले. विस्थापित आपला दावा याच कलमांच्या बळावर लावतात. उलट जिथे संरक्षण नाही, तिथे जमीन खरेदीखताने हातोहात जाते, तिथे कुंपण पडते, आणि उठून गेलेल्याला पुनर्वसन मागायला दारही नसते. 'नवीन महाबळेश्वर' या साताऱ्यातल्या गिरिस्थान प्रकल्पासाठी सुरुवातीला २३५ गावे रस्ते विकास महामंडळाच्या नियोजनाखाली आली, तेव्हा तिथल्या शेतकऱ्याला हा फरक समजून घेणे गरजेचे झाले.

आज नव्याने ठरवायचे म्हटले तर १९८५ सारखा निर्णय होईल का? मला शंका आहे. माधव गाडगीळ समितीने २०११ साली पश्चिम घाटाचा अहवाल दिला, कस्तुरीरंगन यांचा २०१३ साली आला, आणि २०१४ ते २०२४ या काळात पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. दर वेळी हरकती, दर वेळी मुदतवाढ. दरम्यान डोंगर काही थांबून राहत नाहीत. म्हणून जे आधीच राखलेले आहे त्याची हद्द सैल करण्याची सूचना कितीही लहान असली, तरी ती मान्य करू नये. आणि सरकारने चांदोली-कोयनेच्या विस्थापितांचे उरलेले दावे आधी निकाली काढावेत, म्हणजे पुढच्या अधिसूचनेला उभा राहणारा विरोध निदान या कारणाने तरी असणार नाही.