धावपट्टी दिसते आणि मेमरी संपते

मुंबईहून लंडनला जाणारं विमान घरच्या कॉम्प्युटरवर चालवायचं, म्हणजे नऊ-दहा तासांचं काम. मायक्रोसॉफ्टच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’वर (एफएसएक्स) मन लावून उड्डाण करणारी मंडळी ते खऱ्या वेळेतच करतात. इंधनाचा हिशेब मांडायचा, मार्ग भरायचा, रात्रभर अधूनमधून उठून आकडे बघायचे. सगळं सुरळीत पार पडतं, हीथ्रोची धावपट्टी समोर येते, चाकं खाली उतरतात आणि त्याच क्षणी पडद्यावर चौकट येते: मेमरी संपली, प्रोग्रॅम बंद होत आहे. रात्रभराची मेहनत शेवटच्या पाच मिनिटांत वाया जाते. असं पुन्हा पुन्हा झालं की माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर लंडनची विकत घेतलेली सीनरी काढून टाकतो, नाही तर दुकानात जाऊन रॅम वाढवून आणतो. रॅम दुप्पट होते, आणि पुढच्या उड्डाणाला चौकट पुन्हा जवळपास त्याच ठिकाणी येते.

असं का होतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. २००६ साली आलेला हा सिम्युलेटर ३२ बिटचा प्रोग्रॅम आहे. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला त्याला एक पत्ता द्यावा लागतो, आणि ३२ बिटांत मावणारे पत्ते एकूण ४,२९,४९,६७,२९६ इतकेच असतात, म्हणजे ४ जीबी. जुन्या ३२ बिट विंडोजमध्ये त्यातलेही निम्मे विंडोज स्वतःकडे ठेवायची, त्यामुळे प्रोग्रॅमच्या वाट्याला २ जीबी यायचे. २००७ मधला दुसरा सर्व्हिस पॅक बसवला आणि खाली ६४ बिटची विंडोज असली, की पूर्ण ४ जीबी मिळतात. त्यापलीकडे काही नाही. यंत्रात ३२ जीबी रॅम असली तरी उरलेल्या २८ जीबीकडे बोट दाखवायला या प्रोग्रॅमकडे पत्ताच नसतो. सिम्युलेटरवाले ज्याला ‘व्हीएएस’ म्हणतात ते हेच पत्त्यांचं आवार. चौकटीतली तक्रार या आवाराबद्दलची असते. रॅमच्या पट्ट्यांशी तिचा संबंध नसतो.

आता हे आवार भरतं कशानं ते पाहू. विमानाच्या पंखावरचं किंवा टर्मिनलच्या भिंतीवरचं एक चित्र घ्या. १०२४ बाय १०२४ बिंदूंचं असेल, तर ते नेहमीच्या कॉम्प्रेस केलेल्या स्वरूपात साधारण १ एमबी जागा घेतं. तेच चित्र ४०९६ बाय ४०९६चं केलं की १६ एमबी. डोळ्याला चौपट रेखीव वाटणारी गोष्ट आवारात सोळापट जागा अडवते, आणि एका चांगल्या विमानतळावर अशी चित्रं ढिगानं असतात. दुसरी गोष्ट म्हणजे विमानाभोवतीचा जो प्रदेश बारकाईनं दाखवला जातो त्याची त्रिज्या. सेटिंगच्या पडद्यावर ती जास्तीत जास्त ४.५ ठेवता येते, पण कॉन्फिग फाइल उघडून हातानं ६.५ लिहिण्याची प्रथा पडली होती. त्रिज्या दीडपटीहून थोडी कमीच वाढली, पण क्षेत्रफळ दुप्पट झालं. म्हणजे जमीन, झाडं, घरं हे सगळं दुप्पट. असे आकडे कुठून तरी वाचून डोळे मिटून भरू नयेत असं मला कळकळीनं सांगावंसं वाटतं, कारण प्रत्येक आकड्याचा भार वेगळ्या गणितानं वाढतो.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. हे सगळं मुंबईलाही होतं, मग प्रोग्रॅम लंडनलाच का कोसळला? कारण या सिम्युलेटरमध्ये एकदा भरलेलं सगळं पुन्हा रिकामं होत नाही. मुंबई सोडल्यावर थोडी जागा सुटते, पण पूर्ण नाही. वाटेत ढगांचे नवे प्रकार येतात, इतर विमानांचे रंग येतात, कॉकपिटमधून बाहेरच्या दृश्यात गेलं की विमानाचं बाहेरचं अंग भरलं जातं. प्रत्येक वेळी पातळी थोडी चढते आणि फार क्वचित उतरते. हीथ्रो जवळ येईपर्यंत आवार जवळजवळ भरलेलं असतं. विमानतळ फक्त शेवटची मागणी करतो, आणि ती नाकारली जाते म्हणून नाव त्याचं खराब होतं.

याची खात्री करून घेणं सोपं आहे. उतरायला सुरुवात करण्याआधी उड्डाण सेव्ह करायचं, सिम्युलेटर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायचा आणि तेच उड्डाण उघडायचं. विमान तेच, विमानतळ तोच, सेटिंगमध्ये काडीचाही बदल नाही. तरी बहुतेक वेळा विमान निर्धोक उतरतं. दोष फक्त हीथ्रोच्या सीनरीत असता, तर तो इथेही दिसायला हवा होता. गेलं ते फक्त वाटेवरचं साचलेलं ओझं. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत बोलका पुरावा आहे. मुंबईहून दुबई आणि तिथून पुढे लंडन असे दोन टप्पे करणाऱ्यांनी मध्ये सिम्युलेटर बंद करून पुन्हा सुरू करावा असं जाणकार सांगतात, ते याचसाठी.

आणखी एक कोडं लोकांना चक्रावतं. उरलेलं आवार दाखवणारा मीटर सांगतो दोन-अडीचशे एमबी शिल्लक आहेत, आणि प्रोग्रॅम तरी कोसळतो. एसटीत बारा सीट रिकाम्या आहेत पण एकमेकींपासून लांब, आणि चढणाऱ्या कुटुंबाला सहा सीट लागून हव्या आहेत, तर कंडक्टरला जागा नाही असंच म्हणावं लागेल. मोठं चित्र किंवा जमिनीचा मोठा तुकडा मागताना प्रोग्रॅमला सलग पत्ते लागतात. कित्येक तास जागा घेत-सोडत राहिल्यावर मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असते. म्हणून शिल्लक शून्यावर यायची वाट बघू नये. ती काही शे एमबीच्या खाली गेली की धोका सुरू झाला असंच समजावं.

ही शिल्लक बघायची कुठे, यातही बरेच जण फसतात. विंडोजच्या टास्क मॅनेजरमधला मेमरीचा रकाना सांगतो की प्रोग्रॅमनं प्रत्यक्ष रॅम किती व्यापली आहे. तिथे दोन जीबीच्या आतबाहेरचा आकडा दिसतो आणि माणूस निश्चिंत होतो. तेव्हाच मायक्रोसॉफ्टच्याच ‘प्रोसेस एक्सप्लोरर’मध्ये ‘व्हर्च्युअल साइझ’चा रकाना उघडला, तर आकडा साडेतीन जीबीच्या पुढे गेलेला दिसू शकतो. निर्णय या दुसऱ्या आकड्यावर घ्यायचा. ‘एफएसयूआयपीसी’ हे जुनं, विश्वासाचं साधनही उरलेलं आवार दाखवतं आणि जागा फार कमी झाली की घंटी वाजवून सावध करतं. घंटी वाजल्यावर घाबरून सगळे स्लायडर एकदम खाली ओढण्यात अर्थ नाही. तेव्हा उड्डाण सेव्ह करावं.

इथवर आपण मेमरी संपण्याबद्दल बोललो. सिम्युलेटर मंद चालणं, फ्रेम पडणं, दृश्य अटकत पुढे सरकणं हे दुखणं वेगळं आहे, आणि दोन्हींना एकच औषध दिल्यानं फार घोळ होतो. एफएसएक्सचं मुख्य काम बहुतांशी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं. तो कोअर दमला की फ्रेम पडतात. इतर विमानांची रहदारी, रस्त्यावरच्या गाड्या, दाट ऑटोजेन (आपोआप उभी केली जाणारी झाडं-घरं) हे कमी केलं की त्याला श्वास घेता येतो. पत्त्यांच्या आवाराशी याचा थेट संबंध नाही. पण उलट दिशेनं एक संबंध आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. साधा कॉम्प्युटर आधी मंद होतो, म्हणून त्याचा मालक वैतागून स्लायडर खाली आणतो, आणि त्यातच त्याचं आवार वाचतं. जोरदार कॉम्प्युटर मात्र तक्रारच करत नाही. सगळे स्लायडर उजवीकडे लावूनही दृश्य लोण्यासारखं सरकत राहतं आणि आवार आतून भरत जातं. म्हणून हा त्रास महागडं यंत्र घेतलेल्यांनाच अधिक झाला. वेग चांगला आहे याचा अर्थ जागा शिल्लक आहे असा होत नाही.

हा सिम्युलेटर बनवणारा एसेस स्टुडिओ मायक्रोसॉफ्टनं २००९ मध्ये बंद केला, त्यामुळे एफएसएक्सची ६४ बिटची आवृत्ती कधी आलीच नाही. त्याच्याच वंशातला लॉकहीड मार्टिनचा ‘प्रीपार थ्रीडी’ २०१७ मध्ये चौथ्या आवृत्तीत ६४ बिटचा झाला. ‘एक्स-प्लेन’ त्याआधीच झाला होता. मायक्रोसॉफ्टचा २०२० चा फ्लाइट सिम्युलेटर तर जन्मतःच ६४ बिटचा. आज ६४ बिट विंडोज एका प्रोग्रॅमला १२८ टीबीचं आवार देते, म्हणजे पत्ते संपण्याची भीती गेली. पण साचत जाणारा भार गेला नाही, त्यानं फक्त ठिकाण बदललं. आता आधी भरते ती ग्राफिक कार्डची मेमरी. ती भरली की जादा चित्रं साध्या रॅममध्ये ठेवावी लागतात, तिथून येण्याचा रस्ता फार अरुंद असतो, आणि दृश्य झटके देऊ लागतं. प्रोग्रॅम कोसळत नाही, पण उतरताना हेच झटके जास्त जाणवतात. तेव्हा दोष पुन्हा विमानतळावर ढकलला जातो. काही जण डिस्क वाचवायला विंडोजची पेजफाइल, म्हणजे रॅमला पुरवणी म्हणून डिस्कवर राखलेली जागा, बंद ठेवतात. तसं केलं की विंडोज देऊ शकेल ती एकूण मेमरी रॅमपुरतीच उरते आणि सिम्युलेटर जुन्यासारखाच अचानक बंद पडू शकतो. पेजफाइल विंडोजच्याच हाती सोडावी.

२०२० च्या सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड चालू करून फ्रेमचा मीटर उघडला, की वेग मुख्य थ्रेडमुळे (प्रोसेसरवरच्या मुख्य कामामुळे) अडला आहे की ग्राफिक कार्डमुळे, ते तो सरळ लिहून दाखवतो. मुख्य थ्रेड अडला असताना रिझोल्यूशन कमी करून हाती काही लागत नाही, तिथे भूभागाचा तपशील कमी करावा लागतो. कार्ड अडलं असेल तर नेमकं उलट.

म्हणून रॅम किंवा कार्ड विकत घ्यायच्या आधी एक उड्डाण फक्त मोजमापासाठी करा. शेजारी कागद ठेवा आणि गेटवर, उड्डाणानंतर, मधल्या आकाशात, उतरायला लागताना आणि धावपट्टी दिसल्यावर शिल्लक किती होती ते लिहा. पुढच्या उड्डाणाला एकच सेटिंग बदला आणि पुन्हा लिहा. दोन कागद शेजारी ठेवले की पैसे कशावर खर्च करायचे, आणि करायचे की नाही, ते दुकानदाराला विचारावं लागणार नाही.